तिसरं कुटुंब

चाळिशी ओलांडली तरी घरात ती बेबीच राहिली होती. हे नाव दादानं पाडलेलं, आणि त्यानं पाडलेलं नाव सहजासहजी पुसलं जात नसे. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. "आपला धंदाच लोकांना वर पोचवायचा," असं तो पाहुण्यांसमोर म्हणायचा आणि वहिनीनं डोळे वटारले की स्वतःच खो खो हसायचा. मग त्याच्या हृदयाचा स्नायू सैल पडत गेला. आधी जिना चढताना धाप लागे, पुढे बुटाची नाडी बांधतानाही. डॉक्टरांनी सगळे उपाय करून पाहिले. उन्हाळ्याच्या तोंडावर तो गेला.

बेबीला रडू आलं नाही. त्या दिवशी तिनं आलेल्यांना गाड्या कुठे लावायच्या ते सांगितलं, पाण्याचे जग भरले, चपलांचा ढीग दारातून बाजूला सारला. आठवड्यानं ती कामावर हजर झाली. लोक म्हणाले, किती खंबीर आहे. खंबीर वगैरे ती नव्हती. भूल दिल्यावर दाढ असते तशी तिची गत झाली होती. जागेवर आहे हे कळत होतं, पण आपली वाटत नव्हती.

तिचं काम माहिती सांभाळण्याचं. ती ज्या संशोधन संस्थेत होती तिनं इतर देशांतल्या काही संस्थांबरोबर मिळून हृदयाच्या दुर्मीळ आजारांची माहिती एकाच सामायिक क्लाउडवर ठेवली होती. असे रोगी कुठल्याच देशात पुरेसे नसतात. एका ठिकाणी दोन, दुसऱ्या ठिकाणी चार. सगळे एकत्र आले तरच काही अर्थ लागण्याची आशा. नियम सोपा होता. माहिती कुणी आपल्या घरी न्यायची नाही. ज्याला जे विचारायचं ते त्यानं तिथेच येऊन विचारायचं. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, कुठला नमुना ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे आपल्या संस्थेपुरतं बेबी पाहत असे.

दादाचा नमुनाही त्यात होता. त्यानंच हट्ट धरला होता. "मी नाही तर नाही, माझं रक्त तरी परदेश बघून येईल." रक्त कुठेच जात नाही, त्यातून काढलेली माहिती तेवढी जाते, असं बेबीनं समजावलं. "मग तिला खिडकीजवळची सीट द्या," तो म्हणाला.

तो गेल्यावर काही महिन्यांनी संस्थेकडे वहिनीचा अर्ज आला. नवऱ्याचा नमुना मागे घ्यायचा आहे, त्याची माहिती काढून टाकावी.

विभागप्रमुख बाईंनी बेबीला आत बोलावलं. "दुसऱ्या कुणाला सांगू का हे करायला?"

"नको. मी करते."

"विचार करून सांग."

"केला," बेबी म्हणाली. तिनं केला नव्हता. विचार करण्यासारखं काही आत सापडत नव्हतं.

ती जागेवर आली आणि नियमाप्रमाणे सर्व संस्थांना सूचना पाठवली. अमुक क्रमांकाचा नमुना मागे घेतला जात आहे, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारनंतर तो वापरता येणार नाही. नाव, गाव काही नाही, नुसता क्रमांक. तो कुणाचा हे तिच्या संस्थेबाहेर कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ कॉल आला तो टोपीवाल्यांचा. दूरच्या एका देशातले हे वयस्कर संख्याशास्त्रज्ञ. खोलीत हीटर चालू असला तरी डोक्यावर लोकरी टोपी असायचीच, म्हणून इकडे सगळे त्यांना टोपीवाले म्हणत. बोलायला फार सावकाश.

"या नमुन्याबद्दल विचारायचं होतं," ते म्हणाले. "कारण विचारत नाही, तो माझा अधिकार नाही. फक्त निर्णय पक्का आहे का?"

"अर्ज आलाय. का बरं?"

"एका जनुकात अगदी दुर्मीळ असा बदल दिसतोय. आमच्याकडच्या एका कुटुंबात आहे. समुद्रापलीकडच्या एका कुटुंबात आहे. आणि तुमच्या या माणसात आहे. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन कुटुंबं म्हणजे योगायोग असू शकतो. तीन असली तर मी छातीठोकपणे सांगू शकतो, की आजाराचं मूळ इथे आहे."

बेबी पडद्यावरच्या त्यांच्या टोपीकडे बघत राहिली. टोपीचा एक धागा सुटला होता.

"त्याच कुटुंबातल्या, हा बदल असलेल्या दुसऱ्या कुणाचा नमुना मिळाला तरी चालेल," ते म्हणाले. "पण तेही मागणं बरोबर नाही. मी नुसतं सांगितलं."

"बरं केलंत," ती म्हणाली.

बाईंना तिनं जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वहिनीला भेट. काय सापडलंय ते सांग. पण आग्रह करायचा नाही. तो नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे."

रविवारी दुपारी ती वहिनीकडे गेली. भाची तिच्या खोलीत दार लावून अभ्यास करत होती. वहिनी स्वयंपाकघरात धुतलेले डबे पुसत होती. बेबीनं दुसरं फडकं घेतलं आणि झाकणं पुसत सगळं सांगितलं. ती तीन कुटुंबं, तो बदल, टोपीवाले.

वहिनीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे पोरीलाही असू शकतं."

"निम्मी शक्यता. आणि ते कळलं तर डॉक्टर लवकर लक्ष ठेवू शकतील."

"आणि कुठेतरी लिहिलेलं राहील, की अमक्याच्या घरात हे आहे. उद्या नोकरी देताना कुणी बघेल, लग्नात कुणी बघेल, विमेवाले बघतील."

"नाव कुठेच नसतं, वहिनी. नुसता क्रमांक असतो."

"तुला माहीत होतं ना, तो कुणाचा क्रमांक आहे ते?"

बेबीनं पुसून झालेलं झाकण पुन्हा पुसायला घेतलं.

"त्याला मी दीड वर्ष कणाकणानं जाताना बघितलं," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आता पोरगी खोकली तरी माझा जीव खाली-वर होतो. मला नको ती दोन कुटुंबं आणि तीन कुटुंबं. एवढी जगाची काळजी आहे तर तुझं रक्त दे ना. त्याचे आई-बाप तेच तुझे."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. तिनं डबा फळीवर ठेवला. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"बरोबर आहे तुझं," बेबी म्हणाली.

खरंच बरोबर होतं. दादाचं निदान झालं तेव्हाच डॉक्टरांनी तिलाही तपासणी करायला सांगितलं होतं. करू, बघू, एवढा महिना जाऊ दे, असं करत तिनं ते टोलवलं होतं. इतक्या लोकांचे नमुने ती निगुतीनं सांभाळत होती आणि स्वतःच्या दंडाला सुई लागू दिली नव्हती.

शुक्रवारी तिनं दादाचा नमुना काढून टाकला. काढायचं बटण दाबल्यावर यंत्रानं विचारलं, नक्की का? तिनं हो म्हटलं. सगळीकडून पोच येत गेली, काढला, काढला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी वाढदिवसाचा केक कापत होतं. तिला एक तुकडा दिला. तिनं तो खाल्ला आणि ताटली नळाखाली धुतली.

सोमवारी ती इस्पितळात जाऊन रक्त देऊन आली. स्वतःच्या सहीनं, स्वतःच्या नावानं. त्या बदलासाठीच तपासा म्हणून सांगितलं. निकालाची वाट पाहताना तिला भीती वाटायला हवी होती. तिनं तशी ती शोधूनही पाहिली. जिना मुद्दाम भरभर चढून छातीवर हात ठेवला. छाती धडधडत होती, कुणाचीही धडधडली असती तशी.

निकाल सांगायला डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. "तुमच्यात तो बदल नाही. सुटलात तुम्ही."

"धन्यवाद," बेबी म्हणाली आणि पार्किंगकडे जायचा रस्ता कुठून आहे ते विचारलं.

टोपीवाल्यांना तिनं एवढंच सांगितलं, की त्या कुटुंबातून आणखी एकीनं तपासून घेतलं, पण तिच्यात बदल नाही, तेव्हा उपयोग नाही.

त्यांनी टोपी जरा मागे सारली. त्यांना किती कळलं होतं कोण जाणे. "तिला माझा नमस्कार सांगा," ते म्हणाले. "मी दोन कुटुंबांवरच लिहीन. छातीठोकपणे नाही, शक्यता म्हणून. तिसरं कुठे ना कुठे असेलच. कुणीतरी आणून ठेवेल."

वहिनीला मात्र फोनवर सांगणं बरं वाटेना, म्हणून ती संध्याकाळी घरी गेली. "मी तपासून घेतलं," दारातच म्हणाली. "मला नाही."

वहिनी मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. बेबी तिच्यासमोर उभी राहिली. पर्स अजून खांद्यालाच होती.

"त्याला रोज याचंच भय वाटायचं," वहिनी म्हणाली. "पार शेवटी शेवटी. स्वतःचं नाही, पोरीचं आणि तुझं. बेबीला नसलं पाहिजे म्हणायचा. तिला सांगू नकोस, ती आधीच घाबरट आहे."

"मी घाबरट आहे?"

"तो म्हणायचा."

बेबी बसली. पर्स खांद्यावरून काढून तिनं मांडीवर ठेवली. वहिनीनं पदरानं तोंड पुसलं, नाक ओढलं.

"पोरीचं विचारू नकोस मला," ती म्हणाली. "मोठी झाली की तिचं ती ठरवेल. तेव्हा तू सांग तिला काय ते. माझ्यानं होणार नाही."

"सांगेन."

"नीट सांग. घाबरवू नकोस."

"नाही घाबरवणार."

भाची बाहेर आली. दोघींकडे आळीपाळीनं बघून तिनं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. आत्या जेवायला थांबतेय," वहिनी म्हणाली आणि उठून गॅस पेटवला.

बेबी थांबली. तिघी जेवल्या. भाचीनं परीक्षेत देखरेखीला असलेल्या एका बाईंची नक्कल केली, वहिनी हसली, बेबीही हसली, आणि आपण हसतोय हे तिच्या थोडं उशिरानं लक्षात आलं. मग वहिनीनं न विचारता तिच्या पानात आणखी भात वाढला, आणि ती तोही जेवली.