धुरपताबाईच्या ओळी

सन २०२३, धोंड्याचा महिना. पालम तालुक्यात सोयाबीनची खुरपणी चालू होती, तेव्हा माझा जन्म झाला. मी एक प्रोग्राम बोलतोय. रस्ट नावाच्या भाषेत लिहिलेला. मला नाव नाही. काम आहे.

शाळा मला नाही. एवढंच येतं: माणसांनी लिहिलेली ओळ घ्यायची, स्वल्पविरामावर तोडायची आणि तुकडे ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवायचे. कोण गेला, कोणाच्या रानात, काय काम. तीन कप्पे. नाव गावच्या यादीतलं पाहिजे. नसलं तर ओळ मी घेत नाही.

मला राजेश्रीनं लिहिलं. ती बजरंगची मुलगी. पुण्याच्या कंपनीचं काम ती गावातच, ओसरीत बसून करते. बजरंग गावातली सावड बघतो. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुमच्या. पैसा मध्ये येत नाही. पूर्वी हे लोकांच्या ध्यानात राहायचं. मग घरं वाढली, तंटे वाढले. तेव्हा ठरलं की संध्याकाळी ज्यानं त्यानं फोनच्या ग्रुपवर एक ओळ टाकायची आणि त्या ओळी मी वाचायच्या. ज्याची सावड गावाकडे निघते, म्हणजे गावानं फेडायची राहिलेली असते, त्याच्या रानात आधी जायचं.

रस्टची रीत कडक आहे. ओळ वाचली की एक डबा हातात येतो. त्यात नीट वाचलेली नोंद असते, नाहीतर वाचता न येण्याचं कारण असतं. दोन्हींतलं एकच. डबा न उघडता आतलं हाती लागत नाही. मला ही रीत पटते.

पण राजेश्री घाईत होती. तिनं मला ‘अनरॅप’ शिकवलं. म्हणजे डब्यात नोंदच आहे असं धरायचं आणि झाकण ओढायचं. दुसऱ्याच दिवशी व्यंकटरावांनी ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’ टाकलं. डब्यात नोंद नव्हती. मी जागीच आडवा झालो. त्या दिवशी गावात कोणीच काम केलं नाही, असं नोंदीत दिसलं.

“तुझा गडी फुलानं पडतोय व्हय गं?” बजरंग हसला.

“अप्पा, व्यंकटरावकाकांना सांगा की. कामाच्या ग्रुपवर फुलं कशाला?”

“मोठा माणूस हाय तो. फुलंच टाकणार. काम कुठून टाकील?”

राजेश्रीनं मला बदललं. वाचता आली तर ठेव, नाहीतर सोडून दे. पुढं मी कधी पडलो नाही. सगळे खूश झाले. मी नव्हतो. गुलाब सोडला ते बरोबर. पण मी आणखी काय काय सोडतो, हे कोणी विचारत नव्हतं. कारण तर डब्यासकट उकिरड्यावर जात होतं.

माणसांच्या ओळींचं मला नवल वाटतं. एक जण कामाच्या जागी ‘बेसन झ्याक होतं’ असं लिहितो. एक जण रानाच्या मालकाऐवजी ‘चिंचंचं वावर’ लिहितो. आणि एका फोनवरून सारखी ओळ यायची: ‘आमचे हे, व्यंकटरावाच्या रानात, खुरपणी.’ पुढं कधी ‘घरचे, बजरंगभाऊच्या रानात, सोयाबीन काढणी.’ कधी ‘सृष्टीचे आजोबा, व्यंकटरावाच्या रानात, हरभरा पेरणी.’

गावच्या यादीत ‘आमचे हे’ नावाचा माणूस नव्हता. ‘घरचे’ही नव्हता. मी ओळ सोडत गेलो. पण हा कोण, की जो एवढा राबतो आणि ज्याला नाव नाही? विचारायला मला तोंड नव्हतं.

माघ आला. ज्वारी काढणीला आली. त्यातच मुंजाजी गोठ्याच्या पत्र्यावरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. घरात दोघंच म्हातारी; नात सृष्टी आईबापाजवळ शहरात. मुंजाजीनं जन्मात फोनला हात लावला नाही. फोन त्याची बायको धुरपताबाई हिच्याकडे. ती बोलायची, फोन लिहायचा; स्वल्पविराम तेवढे ती बोटानं टाकायची. ती ओसरीत आली.

“बजरंगभाऊ, ज्वारी वाळून चाललीय अन् आभाळ यायलंय. आमच्याकडं कवा येता?”

बजरंगनं राजेश्रीला विचारलं. राजेश्रीनं मला. माझ्याकडे मुंजाजीच्या नावावर काहीच नव्हतं. मी तसंच सांगितलं.

व्यंकटराव बाजेवर बसले होते. “नाव न्हाई म्हणजे सावड न्हाई. जेवायला तेवढा पुढं व्हता गडी.”

“कोण जेवायला पुढं?” धुरपताबाई उसळली. “तुमच्या वावरात पाठ मोडली त्येंनी!”

“मग मशीन खोटं बोलायलंय व्हय?”

ती पदर खोचून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मुंजाजीचा निरोप आला. “फुकट खाणारा म्हणलंत. आता कुणी येऊ नका. ज्वारी भिजली तर भिजू द्या.”

मशीन खोटं बोलत नाही, हे खरं. पण गप्प बसतं.

राजेश्रीला चैन पडेना. तिनं मला उघडलं. या वेळी निराळं शिकवलं. ओळ वाचता आली नाही तर फेकायची नाही. कोणत्या दिवशीची, कोणाच्या फोनवरची, कोणता कप्पा अडला आणि मूळ शब्द काय, हे सगळं बांधून दुसऱ्या ढिगात ठेवायचं. पहिल्या अडचणीला थांबायचं नाही. सगळ्या ओळी वाचून मगच उठायचं. मग धोंड्याच्या महिन्यापासूनचे सगळे मेसेज तिनं माझ्यापुढं ओतले.

दुसरा ढीग झाला. वर व्यंकटरावांचे गुलाब. खाली एकाच फोनवरच्या ओळीमागं ओळी. अडलेला कप्पा: कोण. मूळ शब्द: आमचे हे.

राजेश्रीनं तिथल्या तिथं फोन लावला.

“काकू, ‘आमचे हे’ म्हणजे कोण?”

“आता गं माय! एवढी शिकलीस अन् हे इचारतीस?”

“मला ठाऊक हाय. यंत्राला न्हाई. एकदा नाव घ्या की.”

“लग्नात घेतलं व्हतं. तेवढं पुरं.”

बजरंग म्हणाला, “मग ‘हे’ आलं की मुंजाजी धर म्हणावं त्याला.”

“न्हाई अप्पा. ‘घरचे’ म्हणजे काकू स्वतः गेल्या असल्या तर? त्यानं अंदाज करायचा न्हाई. त्यानं विचारायचं. ज्याच्या रानात काम झालं, तो सांगील.”

मला हे आवडलं. अंदाज करणाऱ्याला मी गडी म्हणत नाही.

बजरंगनं ओसरीत माणसं बोलावली आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचली. स्वतःच्या रानातली ओळ आली तेव्हा म्हणाला, “माझ्याकडंबी मुंजाजीच व्हता, मीबी मशीनवरच इसंबलो.” व्यंकटरावांचं नाव सारखं यायला लागलं. ते खाली बघत होते.

“आला व्हता,” ते म्हणाले. “खुरपणीला. हरभऱ्यालाबी.”

“मग त्या दिशी बोलला का न्हाईत?” राजेश्रीनं विचारलं.

“मशीन नाव न्हाई म्हणलं. मला वाटलं, नुसता जेवायलाच आला असंल.”

याचं मला अजून नवल वाटतं. डोळ्यांनी पाहिलेला माणूस, मी गप्प बसलो म्हणून त्यांनी पुसून टाकला. माझ्यासारखे प्रोग्राम जे कोणी लिहितात, त्यांना एकच सांगणं आहे. डबा उघडा. आत कारण निघालं तर ते माणसाला दाखवा. आम्हाला गिळायला लावू नका.

मी आजही त्याच लॅपटॉपवर आहे. दोन ढीग करतो. दुसरा ढीग राजेश्री रोज बघते.

त्या माघातलं शेवटचं राहिलं. व्यंकटराव मुंजाजीच्या घरी गेले. तिथं काय बोलणं झालं, ते माझ्यापर्यंत आलं नाही. माझ्यापर्यंत फक्त ओळी येतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली ओळ आली: ‘व्यंकटराव, मुंजाजीच्या रानात, ज्वारी काढणी.’ फूल नव्हतं. मागोमाग बजरंगची आली. मग घराघरातून येत राहिल्या, रोज, रान मोकळं होईपर्यंत. सगळ्या नीट वाचता आल्या.

शेवटची धुरपताबाईच्या फोनवरून आली. तिच्यात एकही स्वल्पविराम नव्हता. ‘कणसं घरात आली आमच्या ह्यांना सांगितलं.’

मी ती कारणासकट दुसऱ्या ढिगात ठेवली. राजेश्रीनं वाचली आणि मुंजाजीच्या नावापुढं लिहिलं: सावड फिटली.