कपाळावरचा घाम

"बारा पॉइंट सहा," धर्मपाल नगराळेने मीटरवरचा आकडा ओरडून सांगितला आणि कापूस घेऊन आलेल्या देवसिंग राठोडच्या तोंडाकडे न बघताच म्हणाला, "परत न्या गाडी. बाराच्या वर चालत नाही."

वणीजवळच्या त्या जिनिंग कारखान्याच्या आवारात डिसेंबरची सकाळ होती. रांगेतले शेतकरी मफलर गुंडाळून उभे होते, आणि कापसाचा ओलावा मोजणाऱ्या या ग्रेडरच्या डोक्यातून मात्र घामाच्या धारा लागल्या होत्या. केस ओले, कानशिलं ओली, नाकाच्या शेंड्यावर थेंब. गळ्याखाली सगळं कोरडं ठणठणीत. सगळं पाणी डोक्यालाच का, हे कोडं धर्मपालला पन्नाशी आली तरी सुटलं नव्हतं.

लोकांना मात्र ते केव्हाच सुटलं होतं. शाळेत गुरुजी म्हणायचे, कॉपी केली असणार. मुलगी बघायला गेला तेव्हा सासऱ्यांनी गावात चौकशी केली, मुलगा पितो का. शीला तरीही हो म्हणाली, हे त्याचं नशीब. नोकरीत तर विचारूच नका. घामाघूम ग्रेडर म्हणजे पैसे खाल्लेला ग्रेडर, हे लोकांचं ठरलेलंच. म्हणून बावीस वर्षांत तो कुणा शेतकऱ्याच्या चहालाही शिवला नव्हता. तसा गरम चहाने घाम वाढतोच, त्यामुळे या पुण्याचंही पूर्ण श्रेय त्याला घेता येत नसे.

गेल्या वर्षी शीलाने हात धरून त्याला यवतमाळला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी थायरॉइड तपासलं, साखर तपासली आणि सांगितलं की तुम्ही भित्रे नाही, हा आजार आहे. डोक्यातल्या घामाच्या ग्रंथींना नसा कारण नसताना हुकूम सोडत राहतात. रात्री कोरड्या कपाळाला लावायचं औषध दिलं, डोळ्यांना जपून. एक गोळी दिली, तिखट आणि गरमागरम कमी करायला सांगितलं. धर्मपालला तिथेच रडू आलं. इतकी वर्षं कुणी हे का सांगितलं नाही, याचाच त्याला जास्त राग आला.

गोळीने फरक पडला, पण तोंड असं सुकायचं की शब्द टाळूला चिकटायचे. सीझनमध्ये दिवसाला दीडशे आकडे ओरडायचे असतात. म्हणून डॉक्टरांना न विचारता त्याने ती आपल्याच मनाने बंद केली. शहाणपण नडतं ते असं.

गाडी परत न्यायला सांगितली तरी देवसिंगने आरडाओरडा केला नाही. मुकुटबनहून तो पहाटेच निघाला होता, आणि त्याआधी तीन दिवस त्याने कापूस उन्हात पसरला होता. तो शांतपणे म्हणाला, "सायेब, तुमचा घाम पडला डबीत. म्या पाह्यलं."

रांगेत हशा पिकला.

"नाही पडला," धर्मपाल म्हणाला.

पडला होता. मीटरच्या डबीत कापूस दाबताना नाकावरचा थेंब सुटलेला त्याला कळला होता. मूठभर कापूस हाताला कोरडा लागला होता, तेही त्याला माहीत होतं. पण एवढ्या लोकांपुढे घामाचं नाव काढायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. देवसिंग ट्रॅक्टरवर चढला.

पुढच्या दोन गाड्या धर्मपालने कशाबशा मोजल्या. देवसिंगचा राग आला, हसणाऱ्यांचा आला, आपल्या डोक्याचा तर आलाच. जन्मभर लोकांनी घामावरून त्याला खोटारडा ठरवलं, आणि शेवटी तो खरोखर खोटं बोलला ते त्या घामापायीच. हे त्याला सहन होईना. तो उठला आणि तडक गेटकडे चालत सुटला. देवसिंगचा ट्रॅक्टर गर्दीत अडकून उभा होता.

"देवसिंगभाऊ, फिरवा गाडी," तो म्हणाला, आणि मग रांगेला ऐकू जाईल असं, "माहा घाम पडलता डबीत. मी खोटं बोल्लो."

या वेळी डबी देवसिंगने स्वतः भरली, ट्रॉलीच्या तीन जागचा कापूस काढून. धर्मपाल दोन हात लांब उभा राहिला. आकडा आला नऊ पॉइंट एक.

"मले वाटलं, कोनाचं ऐकून माल परत फिरवून राह्यले तुम्ही," देवसिंग म्हणाला. "घाम त कोनालेबी येते."

"असा नाही येत भाऊ. बिमारी हाय मले."

घराबाहेरच्या माणसाला त्याने हे पहिल्यांदाच सांगितलं होतं. देवसिंगने ट्रॅक्टर वजनकाट्याकडे वळवला.

आधीची नोंद रद्द करायची तर रजिस्टरच्या शेऱ्यात कारण लिहावं लागतं, म्हणून धर्मपाल रजिस्टर घेऊन मॅनेजरच्या खोलीत गेला. मॅनेजर माणूस भला होता. त्याने दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला, "मीटर बिघडलं म्हनून लिहा, नगराळे. घाम लिहिलं त वरचे इचारतीन, असा मानूस मीटरवर काहून बसवला. मंग मले तुम्हाले हटवाच लागन."

धर्मपालने रजिस्टर उघडलं. मीटर नवं होतं, त्याचं काहीच चुकलं नव्हतं. घामाचे दोन थेंब रजिस्टरवर पडले, ते त्याने पुसले नाहीत. कोरडी जागा बघून त्याने लिहिलं, 'ग्रेडरच्या कपाळाचा घाम नमुन्यात पडला. मीटर बरोबर आहे.' खाली सही केली, धर्मपाल कवडूजी नगराळे, पूर्ण नावाने. मग खिशातली मीटरच्या पेटीची किल्ली काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "उद्या कुठं बसू?"