राबाउलची पाठ

लहू गजभिये म्हणजे मोडेन पण वाकणार नाही असला माणूस, हे अर्ध्या भंडारा जिल्ह्याला ठाऊक. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतल्यापासून त्यांची मान खाली गेली ती फक्त बुद्धापुढं. समोर तहसीलदार असो की मंत्री, जय भीम म्हणायचे ते पाठ सरळ ठेवून. पोरगा धर्मराज हेच बाळकडू पिऊन अमेरिकेत इंजिनिअर झाला. आणि असा माणूस आज सनीव्हेलमधल्या पोराच्या अपार्टमेंटमध्ये, बेडरूमचं दार लावून, पलंगाच्या कडेवर चोरासारखा बसला होता.

कारण बाहेर एक जपानी माणूस जेवायला आला होता.

"आबा, आज हामादासाहेब डिनरला येतायत," धर्मराजनं सकाळीच सांगितलं होतं. "कंपनी जपान्यांनी घेतली तेव्हापासून तेच बॉस. माझं ग्रीन कार्ड त्यांच्या रेकमेंडेशनवर अडकलंय. तेवढं लढाईचं काही काढू नका."

"मी खोलीतच जेवतो," लहू म्हणाले.

पोराला वाटलं, म्हाताऱ्याच्या मनात जुना राग आहे. राग असता तर बरंच होतं. लहूंना भीती वाटत होती, आणि ती जपान्याची नव्हती, स्वतःच्या पाठीची होती.

बेचाळीस साली सिंगापूर पडलं तेव्हा लष्कराच्या मजूर तुकडीतले लहू जपान्यांच्या हाती सापडले. पुढं बोटीच्या तळाशी कोंबून त्यांना पॅसिफिकमधल्या राबाउल बंदरावर नेलं. ते बंदर अमेरिकनांनी जिंकलंच नाही. गरजच काय? त्यांनी पुढची बेटं घेतली, वाट तोडली, वरून बॉम्ब टाकत राहिले आणि राबाउलला आतल्या आत सडू दिलं. कैदी अडकले, त्यांचे राखणदारही अडकले.

तिथं रताळी चोरल्याच्या, बोगदे खणल्याच्या गोष्टी लहूंनी पोराला शंभरदा सांगितल्या होत्या. एक तेवढी गाळली. जपानी समोर आला की कमरेतून वाकायचं, आणि 'नाओरे' असा हुकूम येईपर्यंत वर यायचं नाही. तुमसरचा विष्णू एकदा हुकमाआधी उठला. त्याला त्यांनी लहूंच्या शेजारीच बंदुकीच्या दस्त्यानं मारून टाकलं, आणि लहू तसेच वाकून बघत राहिले.

लपून बसायचं तर शरीरानं साथ द्यायला हवी. सहासष्टाव्या वर्षी लघवी कुणाचं ऐकत नाही, आणि अपार्टमेंटला बाथरूम एकच. सूनबाई संघमित्राचा आवाज किचनमधून येतोय, पाहुणा टेबलावरच असणार, असा हिशेब करून लहूंनी दार उघडलं. अरुंद पॅसेजमध्ये हात पुसत हामादा उभे होते. वयानं लहूंच्याच बरोबरीचे, केस पांढरे.

हामादा रीतीप्रमाणे थोडेसे झुकले.

लहूंची पाठ त्यांना विचारायला थांबलीच नाही. टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले, कंबर मोडली आणि डोळ्यांपुढं कार्पेट आलं. ऊठ, ते स्वतःला म्हणाले. पाठ ऐकेना. लाजेनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते नाकावरून खाली टपकलं.

हामादा बराच वेळ हलले नाहीत. मग अगदी हळू, किचनपर्यंत जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "नाओरे."

लहू सरळ झाले. समोरचा चेहरा पार उतरला होता. लहू बाथरूमला जाऊन आले, पण पुन्हा खोलीत लपले नाहीत.

निघताना हामादांनी सगळ्यांशी हात मिळवले. लहूंचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला, पण मान ताठच ठेवली. दार लागलं तसा धर्मराज सोफ्यावर कोसळला.

"गेलं ग्रीन कार्ड. हा माणूस सिक्युरिटी गार्डलासुद्धा झुकतो. आज जाताना आपल्यापुढं मान हलवली नाही. आबा, पॅसेजमध्ये त्यांना काही बोललात का तुम्ही?"

"नाही."

"अरे, आबांना कशाला विचारतोस?" संघमित्रा म्हणाली.

"मग इन्सल्ट झाल्यासारखे का गेले ते? खरं सांगा, आबा."

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगितलं तर पोराचा जीव भांड्यात पडणार होता, आणि ज्या ताठ मानेकडं बघून पोर मोठं झालं ती मान जाणार होती. लहूंनी पोराच्या कपाळावरचा घाम पाहिला.

"ते झुकले असते तर मी परत वाकलो असतो," ते म्हणाले. "म्हणून नाही झुकले."

"परत? तुम्ही कधी वाकलात?"

हे तोंडानं सांगणं लहूंना जमेना. ते कार्पेटच्या मधोमध उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि पोरापुढं कमरेतून वाकले. धर्मराज धडपडून उठला. त्यांना दंडाला धरून वर ओढायला लागला. पाठ जागची हलेना.

"ओढू नको," खालून लहूंचा आवाज आला. "नाओरे म्हण."

"आबा, काय चाललंय हे? उठा ना."

"म्हण बाबा लवकर. त्याशिवाय मला वर येता येत नाही."