कवडी, ढब्बू आणि रुपया

१९६१च्या हिवाळ्यात भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या साहेबलोकांनी बंगल्यांमागच्या मुरमाड माळावर गोल्फचं मैदान आखलं आणि पहिली स्पर्धा ठरवली. बक्षिसांचं काम आलं विद्याधर देशकरकडे. हा दुर्गचा, नुकताच नोकरीला लागलेला इंजिनियर. मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, "बाजारचे कप नकोत. आपल्या कारखान्यात घडलेलं काहीतरी द्या."

विद्याधर थेट फाउंड्रीत गुलाबराव हटवारकडे गेला. भंडाऱ्याकडचा हा शेतकरी तीन वर्षांत असा मोल्डर झाला होता, की त्याच्या साच्यात रशियन फोरमनलाही खोट सापडत नसे.

"घडवतो नं साहेब, पण नमुना पाहिजे," गुलाबराव म्हणाला. "सांजच्याले घरी या. बायकोपाशी एक चीज हाय."

घरी त्याच्या बायकोनं, मनकर्णेनं, गळ्यातला काळा दोरा काढून विद्याधरच्या हातावर ठेवला. त्यात एक कवडी, एक तांब्याचा ढब्बू पैसा आणि एक चांदीचा रुपया ओवलेला होता.

"कवडी माह्या आजीची," ती म्हणाली. "तिच्या लहानपनी बाजारात मीठ कवड्याईवर भेटे म्हनत. ढब्बू मायचा. रुपया माह्या लग्नातला. अन् आता हे रुपयाचे शंभरवाले नवे पैसे आले. मले तं त्याईचा हिसोबच लागून नाही राहिला!"

विद्याधर दोऱ्याकडे पाहतच राहिला. बक्षिसं तिथंच ठरली. पहिल्याला रुपया, दुसऱ्याला ढब्बू, तिसऱ्याला कवडी. तिन्ही पितळेची, नारळाएवढाली.

रुपया आणि ढब्बू पहिल्याच ओतणीत उतरले. कवडीनं मात्र घाम काढला. तिच्या तोंडातले बारीक दात साच्याच्या वाळूत दर वेळी ढासळत. तीनदा ओतणी फुकट गेली. चौथ्या वेळी गुलाबरावनं दातांचा तुकडा वेगळ्या वाळूत घडवला, भाजला आणि साच्यात अलगद बसवला. कॉलेजात विद्याधरनं हे पुस्तकात वाचलं होतं. अशी बोटं त्यानं कधी पाहिली नव्हती.

बक्षीस समारंभात कवडी बाहेर येताच कुणीतरी हसलं, "कवडीमोल खेळलात वाटतं!" पण ती हातोहात फिरू लागली आणि हसणं थांबलं. रुपया जिंकलेला रशियन इंजिनियर अदलाबदल मागू लागला. तिसरा आलेल्या कपूरसाहेबांनी कवडी छातीशी धरली. "अजिबात नाही!"

"केलं कुणी हे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"गुलाबराव हटवार, फाउंड्री," विद्याधर म्हणाला. "नमुना त्यांच्या पत्नीच्या गळ्यातला."

गुलाबराव तेव्हा ड्यूटीवर होता. साहेब पाहुण्यांना घेऊन तसेच फाउंड्रीत गेले. दात कसे उतरवले, एवढंच त्यांनी विचारलं आणि गुलाबराव, समोर कोण उभं आहे हेच विसरून, वाळूत बसून दाखवू लागला. पांढऱ्या पँटींतले तीन साहेब त्याच्याभोवती उकिडवे बसले. विद्याधर इंग्रजीत समजावत होता. मधेच तो अडखळे, कारण गुलाबरावच्या काही शब्दांना त्याच्या पुस्तकात शब्दच नव्हते.