तिसरं अस्तर

"आजी म्हातारी झाली की तिला कुणी विचारत नाही, अन् तिचं खोगीर म्हातारं झालं की सगळे धावत येतात," मामंजी पुटपुटले. आम्ही दोघं एकाच खोगिरावर वाकलो होतो, त्यामुळे कुरकुर थेट माझ्या कानात पडली.

खोगीर बायकांचं होतं, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायचं. घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाईंनी ते आणलं होतं. गावातली पहिली बाई स्वार आपली आजी होती आणि हे तिचंच खोगीर, असं त्या जन्मभर सांगत आल्या होत्या. लोक हसून विषय बदलायचे. आता संग्रहालयाच्या साहेबांनी अट घातली होती: खोगीर शंभर वर्षांपलीकडचं निघालं तर आजीच्या नावासकट काचेच्या कपाटात, नाहीतर नाटकवाल्यांच्या सामानात. शब्द मात्र मामंजींचा हवा. त्यांनी सांगितलेलं साल पन्नास वर्षांत कुणी खोडून काढलं नव्हतं.

आणि मामंजींनी पहिल्याच दिवशी हात फिरवून निकाल देऊन टाकला होता. "चामड्याचं अस्तर. फार तर साठ वर्षं."

हात फिरवून. दोन वर्षं झाली, मामंजी सगळं हात फिरवूनच सांगतात. त्यांची नजर गेली आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. सकाळी मी सहा सुया ओवून त्यांच्या मेणाच्या डबीशेजारी ठेवते. कुणी ओवल्या, हे ते विचारत नाहीत. आमचे हे आमच्या खोगीर-दुरुस्तीच्या दुकानातलं स्टूल इंचभरही हलू देत नाहीत. मामंजी रोज पेपर उघडून बसतात. उलटा धरला असला तर चहा देता देता मी सुलटा करते.

माझं शिक्षण याच दुकानातलं, तेही फुकटचं. लग्न होऊन आले तेव्हा उसवलेली अस्तरं फेकायचं काम माझ्याकडे होतं. फेकण्याआधी मी प्रत्येकाचा बोटभर तुकडा कापून वहीत टाचायची आणि शेजारी खोगिराच्या सांगाड्यावर कोरलेलं साल लिहायची. बावीस वर्षांत चार वह्या भरल्या. मामंजी त्यांना 'चिंध्यांचं पुराण' म्हणतात.

साहेब बुधवारी यायचे होते. या खोगिराच्या सांगाड्यावर साल कोरलेलंच नव्हतं. सोमवारी मी दुरुस्तीसाठी त्याच्या गादीची कड उसवली. चामड्याखाली सर्ज निघालं, जाड लोकरी कापड, कसरीने चाळण केलेलं. आणि त्याच्याही खाली, जुन्या शिवणीत अडकलेला, नखाएवढा पांढरा लिननचा तुकडा. काठाला निळा धागा.

वह्या काढल्या. निळ्या धाग्याचं लिनन पाच पानांवर सापडलं. पाचांतलं सगळ्यात अलीकडचं खोगीर एकशेआठ वर्षांचं.

नाचावंसं वाटलं. तेवढ्यात चामड्यावरच्या टाक्यांकडे लक्ष गेलं. टाके उलटे कललेले होते, आणि या दुकानात डावखुरा माणूस एकच. तरुणपणी स्वतःच घातलेल्या अस्तरावरून मामंजींनी खोगिराचं वय ठरवलं होतं. नजर असती तर स्वतःचा टाका त्यांनी दारातूनच ओळखला असता.

म्हणजे खरं साल सांगितलं की मामंजींचं झाकलेलं उघडं पडणार, आणि नाही सांगितलं तर बाईंची आजी नाटकवाल्यांकडे जाणार. दोन दिवस मी आमटीत मीठ विसरत राहिले.

बुधवारी साहेब आले, बाई आल्या. बाई स्टुलाच्या अगदी कडेवर टेकल्या. मामंजींनी घसा साफ केला. "अस्तर चामड्याचं आहे, तेव्हा..."

"मामंजी, थांबा."

बावीस वर्षांत त्यांचं वाक्य मी पहिल्यांदाच तोडलं. कोपऱ्यात आमचे हे उगाच खोकले. मी वही उघडली, लिननचा तुकडा पानावर ठेवला आणि तिन्ही अस्तरं एकेक करून दाखवली. साहेबांनी भिंग लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"पण वस्ताद तर वेगळं म्हणत होते."

मी मामंजींचा अंगठा धरून चामड्याच्या शिवणीवर ठेवला. त्यांनी नखाने एक टाका चाचपला, मग दुसरा. मग पुढची अख्खी ओळ.

"हा तर..."

"तुमचाच आहे."

"अरे देवा." ते हसायला लागले, खांदे हलेपर्यंत. "उलटा टाका घातला म्हणून वडिलांनी दिवसभर जेवू दिलं नव्हतं. आणि त्याच टाक्याने आज मला फसवलं. बाई, तुमच्या आजीचं खोगीर माझ्या बापापेक्षा मोठं आहे. लोकांना सांगा जाऊन."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी खोगिरावर थाप मारली, घोड्याच्या मानेवर मारतात तशी.

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि तुकडा मामंजींच्या पुढे धरला. "तर मग वस्ताद, काठाचा धागा निळाच आहे असं एकदा तुम्ही बघून म्हणा, आणि इथे सही करा."

आमचे हे वहीत बघायला लागले. मी तोंड उघडलं, पण मामंजींनी हाताने मला गप्प केलं.

"निळा की हिरवा, ते मला विचारू नका, साहेब," ते म्हणाले. "मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. हिला दिसतं, सही हिची घ्या."