कठडा सोडा, कर्णा सांगतोय

मी पत्र्याचा कर्णा बोलतोय. बोलणं हाच माझा धंदा, तेव्हा ओळख करून द्यायला मला दुसरा कोणी लागत नाही. लालबागच्या दगडू पत्रेवाल्यानं तुपाचा डबा कापून, वळवून मला घडवलं. कडक ऊन पडलं की अजून माझ्या अंगाला तुपाचा वास येतो.

माझे पहिले मालक नाना, गिरणी कामगार. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पुकारायला त्यांनी मला करून घेतलं. त्यांच्या घशाला सुट्टी नव्हती, मग मला कुठली!

त्यांच्या चाळीला एक खोड होती. माझा आवाज आला की माणसं हातातलं काम टाकून रस्त्याकडच्या गॅलरीत धावायची, कठड्यावर रेलायची आणि मग एकमेकांना विचारायची, काय झालं?

तिथेच मला गुरुदत्त भेटला. गिरगावात राहणारा, म्युनिसिपालिटीच्या वॉर्ड ऑफिसातला कारकून. नळाच्या तक्रारी घ्यायला यायचा. मोर्चा दिसला की पठ्ठ्या फुटपाथ बदलायचा.

"काय रे कारकुना, एकदा तरी आवाज दे की!" नाना चिडवायचे.

"नाना, नोकरी कायम व्हायचीय. घोषणा दिल्याचं साहेबांना कळलं तर घरी बसवतील."

मला त्याचा भारी राग यायचा, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी तो चाळीखाली नानांशी बोलत होता आणि वर काहीतरी कडाडलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा लाकडी टेकू तडकून खाली झुकला होता. गुरुदत्तनं नानांच्या खांद्यावरून मला ओढलं. "लोकहो, गॅलरी पडतेय! खाली उतरा!"

झालं! कर्णा वाजला म्हणून होती नव्हती ती सगळी चाळ गॅलरीत आली. पोरं कडेवर घेऊन बायका आल्या. लाटणं हातात धरून दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणी कमळाबाई वाकल्या. "रे, सभा खंय आसा आज?" तो जीव तोडून ओरडत होता आणि जितका ओरडत होता, तितकी गर्दी वाढत होती. टेकू अजून खचला.

गुरुदत्तनं मला तोंडापासून काढलं. मग मला घेऊन चाळीला वळसा घालून मागे पळाला, संडासाकडच्या जिन्याखाली. तिथे मात्र क्षणभर अडखळला. त्याचा श्वास माझ्या पोटात घुमत होता.

"संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" वरून चाळ गरजली. मोर्चा मागच्या गल्लीतून निघालाय असं समजून सगळी माणसं मधल्या बोळातून मागे वळली आणि धडाधड जिना उतरली. गुरुदत्त घोषणा देतच राहिला. शेवटी कमळाबाई उतरल्या, लाटण्यासकट. तेवढ्यात पुढची गॅलरी कोसळली, रिकामी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी विचारलं, "घोषणा दिलीत?"

"दिली."

नोकरी गेली नाही, पण कायम होणं लांबलं आणि शिक्षा म्हणून कोपऱ्यातलं टेबल मिळालं. आग, पडझड, तुंबलेलं पाणी, सगळ्या तक्रारी तिथे. कोणी तिथे टिकत नसे. गुरुदत्त टिकला. बंबवाल्यांकडून दोराच्या गाठी शिकला. कुठल्याही चाळीत गेला की आधी विचारायचा, "मागचा जिना कुठाय?" नानांनी मला त्याच्याच हवाली केलं. पुढे नोकरी कायम झाली, बढतीही आली, पण त्यानं टेबल काही सोडलं नाही.

मग राज्य झालं. रस्ताभर गुलाल, ढोल. सगळी मुंबई मिरवणूक बघत होती आणि आमचा गुरुदत्त तिच्याकडे पाठ करून गॅलऱ्या बघत होता. नव्या गॅलरीत कमळाबाई सगळ्यांच्या पुढे!

"कारकुना, आज तरी हौसेनं बोल!" मिरवणुकीतून नाना ओरडले.

त्यानं मला तोंडाला लावलं.

"संयुक्त महाराष्ट्र झाला हो! झाला! आता तेवढा कठडा सोडा!"

चाळ खदखदून हसली आणि एक पाऊल मागे सरली.

हल्ली मी त्याच्या टेबलामागे खिळ्याला असतो. कड चेपलीय, विजेचे कर्णे आलेत. तक्रार नाही. एकच मागणं आहे. खालून कोणी जीव तोडून हाक मारली, तर बघायला येऊ नका. उतरा.