आजींच्या खिडकीखालची जाळी

मी एक जुनी जाळी आहे. निळी, काठाला शिशाचे मणी ओवलेली. समुद्राकाठच्या कारखान्यात मला विणलं, तेव्हा वाटलं होतं, आपल्या नशिबी मासे आहेत. मासे आले खरे, पण नुसते काटे. टोकियोच्या एका गल्लीत कचऱ्याच्या पिशव्यांवर पसरून कावळ्यांना अडवण्यातच माझा जन्म गेला.

इथे स्वयंपाकघरातला कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी जातो. ज्या घराच्या दाराला लाकडी पाटी, त्या घराची आठवडाभर पाळी: सकाळी मला पसरायचं, गाडी गेली की धुऊन घडी घालायची, आणि रविवारी पाटी पुढच्या दाराला लावायची. मित्रांनो, हिसाए आजींसारखी घडी कुणालाच जमली नाही. त्या एकट्या राहायच्या, त्यांच्या खिडकीखालीच माझी जागा. मी फाटले की त्या मला शिवायच्या आणि तारेवरच्या कावळ्यांना सांगायच्या, "मेल्यांनो, आज मुळ्याची सालंच आहेत. दुसरी गल्ली बघा." आजींची पाळी आली की कावळ्यांना उपास, असं सगळे कौतुकाने म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात पाटी त्यांच्या दारावर होती. सोमवारी संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात धप्पकन आवाज झाला. बऱ्याच वेळाने टकटक सुरू झाली, थांबून थांबून, जमिनीलगत. आजी पडल्या होत्या आणि कुणाला तरी बोलावत होत्या. मला कळत होतं, पण जाळीला तोंड कुठे असतं?

मंगळवारी मला कुणी पसरलं नाही. कावळ्यांनी पिशव्या फोडून गल्लीभर अंड्यांची टरफलं पसरवली. शेजारच्या हातानोकाकू मुकाट्याने झाडू लागल्या.

"पाळी आजींची ना?" समोरचे कुराता म्हणाले.

"विसरल्या असतील. वय झालं आता."

"बेल वाजवू का?"

"नको हो, उगाच ओशाळतील बिचाऱ्या. मीच करते त्यांच्या वाटचं."

"आणि ही टकटक कसली?"

"कावळा असेल पत्र्यावर. आज मेजवानी झालीय ना त्यांची."

दोघंही हसले.

बुधवारी टकटक क्षीण झाली. गुरुवारी थांबली. शुक्रवारी हातानोकाकूंनी मला पसरलं आणि रविवारी पाटीही आवाज न करता स्वतःच्या दाराला नेऊन लावली. आजींना लाज वाटू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. आजींचं दार उघडलं ते त्यानंतर नऊ दिवसांनी, पोलिसांनी.

आता त्या घराला कुलूप आहे. तरी मंगळवारी मला पसरून झालं की हातानोकाकू त्या दाराची बेल दाबतात आणि थोडा वेळ उभ्या राहतात. कावळ्याने पत्र्यावर चोच मारली तर झाडू त्यांच्या हातातून सुटतो.

मित्रांनो, माझे धागे विरत चालले आहेत. मला शिवत बसू नका, नवी जाळी आणा. पण शेजारचं माणूस रोजच्या वेळेला दिसलं नाही, तर त्याचं काम गुपचूप उरकून भलेपणा करू नका. दार वाजवा. ओशाळलं तर ओशाळू दे. ओशाळायला ते जिवंत तर असेल.